नावं संपेपर्यंत

मार्च उजाडला की चंदीगडची झाडं पानं टाकायला लागतात. थंडीत पानं गळावीत आणि ऊन तापलं की पालवी फुटावी, एवढंच मला ठाऊक होतं. इथे मात्र पंखा लावावा की नको अशा दिवसांत रस्ते पिवळ्या-तांबूस पानांनी भरून जातात. झाडूवाले सकाळी ढीग करतात आणि दुपारच्या वाऱ्यात ते ढीग पुन्हा रस्ताभर पसरतात. त्याच दिवसांत मुलांच्या परीक्षा असतात, स्वेटर ट्रंकेत जातात आणि आमच्या एयरोसिटी वसाहतीच्या पलीकडच्या शेतांत गहू पिवळा पडू लागतो. चंदीगडला लागूनच्या या मोहालीत इतकी वर्षं काढूनही मला या ऋतूची सवय झालेली नाही. दर वर्षी मी खिडकीशी उभी राहून म्हणते, या झाडांचं काहीतरी चुकतंय, आणि दर वर्षी अभय म्हणतो, झाडांना विचारून ये.

या मार्चच्या सुरुवातीला जुईनं घरच्या ग्रुपवर एक ट्रेलर टाकला. घरचा ग्रुप म्हणजे आम्ही चौघं: मी, माझा नवरा अभय, पुण्यात कॉलेजला असलेली आमची जुई, आणि सांगलीकडच्या आमच्या गावी एकटे राहणारे माझे वडील, अण्णा. ट्रेलरमध्ये नेहमीचंच होतं. आभाळ फाटतं, इमारती पडतात, सहासात जण रंगीत कपडे घालून एका ओळीत चालत येतात आणि त्यांच्यामागे काहीतरी पेटतं. खाली अण्णांचा आवाजी निरोप होता. दम लागल्यासारखा, पण खूश आवाज. "लागली बाबा एकदाची गाडी."

मी ऑफिसात होते. हेडफोन लावून तो निरोप दोनदा ऐकला आणि मग पाणी प्यायला उठून गेले.

अण्णा आमच्याकडे राहिले होते तो असाच मार्च होता. आई आदल्या दिवाळीनंतर गेली. मी एकुलती एक. कार्य उरकल्यावर मी त्यांना म्हटलं, चला आता आमच्याकडे, तेव्हा ते म्हणाले, "येतो की. चार दिवस येतो." लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जावं, मुक्काम ठोकू नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. येताना त्यांनी जायचं तिकीटही काढून आणलं होतं. मिरजेपर्यंत थेट गाडी आहे, याचा त्यांना कोण आनंद, आणि मला त्या गाडीचा राग.

मी त्यांच्यासाठी कपाटातला एक अख्खा खण रिकामा केला होता. तो रिकामाच राहिला. त्यांची बॅग पलंगाखाली असायची. कपडे बॅगेतून निघायचे, धुतले जायचे, घडी होऊन पुन्हा बॅगेत जायचे. मी म्हणायची, "अण्णा, खणात ठेवा ना, चुरगळतात." ते म्हणायचे, "असू दे गं. बॅगेत असलं म्हणजे सापडतं." मला त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात स्वतःचा चहा केला नाही, तो त्या घरात एकटा काय करणार होता? मी हे त्यांना सरळ विचारलंही. ते म्हणाले, चहा शिकेन.

त्यांना थांबवण्याचे माझे सगळे उपाय फुकट गेले. पिंजोरची बाग दाखवली, तलावावर फिरवलं, दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि त्या सगळ्या चांगल्या आल्या. त्यांना थांबवलं ते जुईनं, आणि तेही या रंगीत कपडेवाल्यांच्या जोरावर.

जुईची दहावीची परीक्षा चालू होती. दोन पेपरांच्या मध्ये सुट्टी असली की तिला एक सिनेमा बघायची परवानगी होती. ती वाटेल तो बघत नव्हती, क्रमानं बघत होती. कारण एप्रिलात त्या रंगीत टोळीच्या सिनेमाचा दुसरा भाग यायचा होता, आणि तो समजायला पहिला भाग पुरत नव्हता. टोळीतल्या प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा सिनेमा होता, त्या सिनेमांनाही पुढचे भाग होते, आणि एकातला दरवाजा दुसऱ्यातल्या अंगणात उघडत होता. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा. सिनेमा म्हणजे बसावं, बघावं, उठावं. त्यासाठी आधी अभ्यास करायचा?

अण्णांना मात्र तो प्रकार चटकन कळला. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, तालुक्याच्या स्टँडवर. खिडकीत बसून कोणती गाडी कुठून आली, कुठे जाणार, कुणाला कोणती पुढची गाडी मिळेल हे सांगण्यात त्यांची नोकरी गेली. जुईनं पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं की हे सगळे वेगवेगळ्या सिनेमांतून येऊन एका सिनेमात भेटतात, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हा सिनेमा स्टँड आहे." झालं. तिथून पुढे मला कुणी विचारलं नाही.

जुईला मराठी कळायची, पण ती बोलायची नाही. मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच पडली होती. मीही भांडणं सोडून दिली होती. अण्णांनी तिला सांगितलं, "पोरी, ते हिंदी-बिंदी मला काही उमगत नाही. तू मला मराठीत सांग." मग सोफ्यावर त्यांच्या शेजारी मांडी घालून ती सांगायला लागली. "आजोबा, हा मेला नाहीये. हा फक्त गिरला." "आजोबा, ती रागात आहे, कारण की तिच्या भाईने तिला धोका दिला." अडली की ती माझ्याकडे बघायची. मी स्वयंपाकघरातून मदत करायला तोंड उघडलं की अण्णा हात वर करायचे, तू थांब म्हणून. ती शब्द शोधायची, नाही सापडला की हातवारे करायची, उठून उडी मारून दाखवायची. अण्णांनी एकदाही तिची चूक काढली नाही. फक्त विचारायचे, "मग?"

त्यांनी सगळ्यांना आपापली नावं दिली होती. जिच्या बोलण्यावर नद्या वळतात ती पाणीवाली. ज्याची सावली त्याच्याआधी पोचते तो सावल्या. आणि काही क्षण वेळ थांबवू शकतो तो घड्याळवाला. घड्याळवाल्यावर त्यांचा विशेष जीव. "हा आमच्या डेपोत पाहिजे होता," ते म्हणायचे. पहिल्या भागाच्या शेवटी ही पाणीवाली मरते. घड्याळवाल्याचं तिच्यावर प्रेम असतं, पण त्याचं घड्याळ नेमकं तेव्हा चालत नाही. ते बघून झाल्यावर अण्णांनी चष्मा काढून ठेवला. जुईनं टीव्ही बंद केला आणि त्यांचा चष्मा पुसून दिला.

एक दिवस मी ऑफिसातून लवकर आले, तर सोसायटीच्या बागेत अण्णा आणि खालच्या मजल्यावरचे ग्रेवालजी बाकावर बसलेले. अण्णा उसाच्या तोडणीबद्दल बोलत होते, ग्रेवालजी गव्हाबद्दल. आणि अण्णा बोलत होते ते खणखणीत हिंदीत. "देखो जी, पानी कम हो तो ऊस का वजन आता ही नहीं," वगैरे. ऊस सोडला तर बाकी सगळं पक्कं. मला बघून ते जरा वरमले. लिफ्टमध्ये ते मजल्यांचे आकडे वाचत राहिले. वर आल्यावर त्यांनी जुईला हाक मारली आणि म्हणाले, "हं, मराठीत सांग, काल कुठवर आलो होतो?"

जायचं तिकीट मार्चअखेरचं होतं आणि सिनेमा त्याच्यानंतर लागणार होता. जुईच्या हे आधीच लक्षात आलं असणार, पण ती कारटी शेवटच्या पेपरपर्यंत गप्प बसली. मग जेवताना म्हणाली, "आजोबा, इतके सगळे बघितले आणि लास्टवाला नाही बघणार?" अण्णांनी भाताचा घास तसाच धरून विचार केला. मग अभयला म्हणाले, "अभयराव, तेवढं माझं तिकीट पुढं ढकला." दुसऱ्या दिवशी त्यांचा एक सदरा मला कपाटाच्या खणात दिसला. एकच, घडी केलेला. मी तो हात लावून पाहिला, आणि त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांशी फार गोड वागले.

इथे मला आमच्या सिनेमा बघण्याबद्दल सांगायला हवं. गावात थिएटर नव्हतं. अण्णांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याला संध्याकाळचा खेळ बघायला जायचो. आणि सिनेमा संपायच्या आत गावाकडे जाणारी मुक्कामाची गाडी सुटायची. ती चुकली की स्टँडवरच झोपायचं. त्यामुळे मारामारी रंगात आली, की अंधारात अण्णा चपला चाचपायला लागायचे आणि म्हणायचे, "चला." आम्ही एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. स्टँड अण्णांचा, ड्रायव्हर-कंडक्टर अण्णांच्या ओळखीचे, पाच मिनिटं गाडी थांबवणं काही अवघड नव्हतं. पण त्यांनी कधी थांबवली नाही. आतल्या लोकांनी आपल्यासाठी का ताटकळायचं, असं त्यांचं म्हणणं. आईनं कधी त्यांना तसं सुचवलंही नाही.

त्याऐवजी आई गाडीत शेवट करायची. मी तिच्या मांडीवर, खिडकीतून धूळ येतेय, आणि आई हळू आवाजात सांगतेय की पुढे काय झालं असेल. तिच्या शेवटांत कुणी मरत नसे. तुरुंगात गेलेला सुटायचा, हरवलेला सापडायचा, आणि सगळे घरी येऊन जेवायला बसायचे. काय जेवले तेही ती सांगायची. पुढे कॉलेजात यातले काही सिनेमे मी टीव्हीवर पूर्ण पाहिले आणि मला खरे शेवट आवडले नाहीत.

तर तो दुसऱ्या भागाचा दिवस. मोहालीतल्या मॉलमध्ये सकाळचा खेळ. अभयला सुट्टी नव्हती, आम्ही तिघंच. जुईनं मला तिकीट काढतानाच बाजूला घेतलं होतं. "मम्मा, सुन. पाणीवाली वापस आती है. सबको पता है. आजोबांना आधी सांगू?" तिच्या तोंडावर खरी काळजी होती. आजी जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तिला नको म्हटलं.

हॉल पोरांनी भरलेला. टोळी पडद्यावर आली की शिट्ट्या, "ओए, आ गया ओए!" अण्णांना गंमत वाटत होती. शेवटची मारामारी सुरू झाली आणि मला शेजारी चपलांचा आवाज आला. ते पायानं चपला शोधत होते. सवय, दुसरं काय. जुईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आजोबा, बसा. गाडी नाहीये आज." ते बसले. आणि मग घड्याळवाल्यानं वेळ थांबवली, उलटी फिरवली, आणि पाण्यातून ती बाई चालत बाहेर आली. सगळा हॉल उभा राहून ओरडत होता. आम्ही तिघंच बसून होतो. जुई पडद्याकडे बघतच नव्हती, ती अण्णांकडे बघत होती. मीही. अण्णा समोर बघत होते, तोंड किंचित उघडं, नेहमी बातम्या बघताना असतं तसं.

सिनेमा संपला, नावं सुरू झाली. लोक उठून जायला लागले. जुई म्हणाली, "आजोबा, थांबायचं. नावं संपली की अजून थोडंसं असतं." अण्णा म्हणाले, "बसू की." केवढी ती नावं. सुतार, शिंपी, गाड्या चालवणारे, जेवण पुरवणारे. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही ती सगळी बसून पाहिली. आणि खरोखर शेवटी इवलासा प्रसंग आला. एक बंद दार, बाहेरून कुणीतरी कडी वाजवतंय, आतून आवाज येतो, "कोण?" आणि अंधार.

"म्हणजे संपला नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही. अजून एक भाग येणार," जुई म्हणाली. "त्यासाठी तुम्हाला इथेच राहायला लागेल." आणि ती अशी हसली की तिनं हे आधीपासून ठरवून ठेवलं होतं हे आम्हाला दोघांनाही कळलं.

दुपारी आम्ही चंदीगडच्या सेक्टर सतराच्या मोठ्या चौकात बसलो होतो. जुई आइस्क्रीम आणायला गेली होती. पायाशी पानं उडत होती. मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला होता की. पण तुझ्या आईनं याहून बरा शेवट केला असता."

मला हसू आलं, आणि मग रडू आलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंजू, मी जातो आता. पोरीचं मन राहिलं. घर बंद आहे गं."

"असू दे बंद. तिथे कोण येणार आहे, अण्णा?"

"कुणी येणार नाही. ते कळतं मला. मी काय त्या घड्याळवाल्यासारखा खुळा नाही. पण चाळीस वर्षं त्या दाराला दिवसा कधी कुलूप नव्हतं. तिनं लावू दिलं नाही. आता शेजारीपाजारी जाता-येता कुलूप बघतात, ते मला सहन होत नाही."

जुई तीन आइस्क्रीम घेऊन आली, तिनं आमची तोंडं पाहिली आणि तिला समजलं. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. स्टेशनवरही नाही. गाडी हलली तेव्हा मात्र खिडकीच्या गजाला धरून ती चालायला लागली आणि म्हणाली, "आजोबा, पुढच्या भागाला तुम्ही येणार. पक्का?" अण्णा म्हणाले, "पक्का." मी घरी येऊन पाहिलं तर खणातला सदराही ते घेऊन गेले होते.

तो पुढचा भाग काही येईना. सिनेमावाले आधी पुढच्या वर्षी म्हणाले, मग त्याच्या पुढच्या. मधे टोळीतल्या एकेकाचे सिनेमे आले आणि आपटले. लोक म्हणू लागले की या सगळ्याची हौस फिटली. मला तर ती कधीच नव्हती, पण मी ऑफिसात या पोकळ टोळीची बाजू घेऊन भांडायला लागले. कारण दर रविवारी अण्णांचा फोन यायचा, मला "बरी आहेस ना" विचारून झालं की ते म्हणायचे, "जुईला दे." आणि मग, "काय गं, लागली का गाडी?" जुई खोलीत येरझाऱ्या घालत त्यांना सांगायची. कुणी टोळी सोडली, कुणाचं पात्र बदललं, तारीख का ढकलली. सगळं मराठीत. बारावीच्या वर्षात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की ती आता अडत नाही. पुण्याला जायचं तिनंच ठरवलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आजोबांच्या घरी एसटीनं जाता येतं."

आणि आता तो भाग आला. ट्रेलरच्या दुसऱ्या दिवशी अण्णांचा मला एकटीला फोन. "मंजू, मला काही दोन रात्रींचा प्रवास झेपणार नाही. गुडघा वाकत नाही. डॉक्टरही नको म्हणतोय. पोरीला मी पक्कं म्हटलं होतं. तिला कसं सांगू?" इतकी वर्षं मी त्यांना या म्हणत होते आणि ते टाळत होते. आता त्यांना यायचं होतं आणि येता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मी सांगते.

सांगायची वेळच आली नाही. सांगू सांगू म्हणत सिनेमाच्या आदल्या दिवशी मी फोन केला, तेव्हा जुई स्वारगेटला आजोबांकडे जाणाऱ्या एसटीसाठी उभी होती.

सिनेमा लागला त्या दिवशी अभय आणि मी मोहालीत त्याच मॉलमध्ये गेलो आणि जुई आणि अण्णा तालुक्याच्या त्याच जुन्या थिएटरात. त्याला आता नवीन खुर्च्या आहेत म्हणे. आमच्या हॉलमध्ये शिट्ट्या कमी होत्या, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सिनेमा बरा होता. संपल्यावर अभय उठला, मी त्याला खाली बसवलं. आम्ही सगळी नावं पाहिली. नावं संपली. दिवे लागले. त्यानंतर काही नव्हतं. दार उघडलं नाही, कडी कुणी वाजवली होती ते सांगितलं नाही. झाडणारा मुलगा आमच्याकडे बघत उभा होता.

गाडीत बसल्यावर जुईचा फोन आला. मागे एसटी स्टँडचा गलका, कुठल्याशा फलाटाची घोषणा.

"संपला तेव्हा मी म्हटलं, आजोबा, आपली गाडी लागलीये, चला, चुकेल," ती सांगत होती. "तर ते म्हणाले, जाऊ दे."

"अण्णा म्हणाले? गाडी जाऊ दे?"

"हो ना. ते म्हणाले, गाड्या आहेत, नाहीतर रिक्षा करू. आम्ही नावं संपेपर्यंत बसलो. आणि शेवटी काहीच नव्हतं, आई! मला रडायलाच आलं. एवढी वर्षं थांबलो आम्ही."

"मग?"

"मग आजोबा म्हणाले, तू कर शेवट. आता इथे बाकावर बसून केला."

माझ्या आईच्या शेवटांबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनी सांगितलं असेल, किंवा नसेलही. मी विचारलं, "कसा केलास?"

"दार उघडलं. बाहेर सगळे होते. पाणीवाली, सावल्या, सगळे. आत आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले." मागून अण्णांचं काहीतरी बोलणं ऐकू आलं. जुई हसली. "आजोबा विचारतायत, काय जेवले ते सांग. थांब हं आई, मी त्यांना सांगून येते."